चार दिसतात, पाचवी कुठे?

सकाळी साडेसहाला पहिली चित्रफीत लावली आणि मोजलं. चार. मागे नेली, पुन्हा मोजलं. चारच. दहा मिनिटांची चित्रफीत संपली तरी पेटीच्या त्या बाजूला चार उंदीर दिसत होते, आणि असायला हवे होते पाच.

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत येऊन प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या वैद्यकाचं शिक्षण घेतलं. या गोष्टीच्या वेळी फ्लोरिडात, केप कॅनाव्हेरलच्या परिसरात काम करत होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात संशोधनासाठी पाठवलेल्या उंदरांची तब्येत रोज पाहायची, हे माझं काम. पाहायची म्हणजे अक्षरशः डोळ्यांनीच. आजारी गाय समोर असली की आपण तिच्या कानाला हात लावतो, कुशीत मूठ दाबून पोट बघतो, शेण हुंगतो. इथे माझे रोगी ४०० किलोमीटर वर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत होते. दीड तासात एक प्रदक्षिणा. त्यांना हात लावायचा तर वरच्या अंतराळवीरांचा वेळ मागावा लागतो, आणि तिथल्या माणसाचा दिवस पाच-पाच मिनिटांच्या हिशोबाने आधीच वाटलेला असतो.

त्या वेळच्या सगळ्या माद्या होत्या. काळ्याभोर, एकाच वंशाच्या, वजनाला वीस-बावीस ग्रॅम, एकीसारखी दुसरी. एका पेटीत दहा, मध्ये भिंत, दोन्ही बाजूंना पाच-पाच. पेटीला आतून तारेची जाळी असते, कारण गुरुत्वाकर्षण जाणवत नाही तिथे पायांना धरायला काहीतरी लागतं. खाणं म्हणजे भिंतीला चिकटवलेल्या वड्या. पाणी एका छोट्या नळीच्या तोंडाशी. उंदराने जीभ लावली की थेंब येतो. मलमूत्र खाली पडत नाही, कारण तिथे खाली अशी जागाच नाही. म्हणून पेटीतून सतत हवा खेचतात आणि ती सगळा मळ गाळणीकडे नेते. सगळा म्हणजे बराचसा. उरलेला तरंगत राहतो आणि दिवसेंदिवस कॅमेऱ्याच्या काचेवर बसत जातो. उड्डाणाला बारा दिवस झाले होते आणि चित्राच्या कडा तपकिरी होऊन गेल्या होत्या. दोन कॅमेरे मिळूनही एक कोपरा दिसत नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं.

एक पेटी, एक बाजू, एक उंदीर. बाहेरच्याला वाटेल, एवढं काय त्यात? मला मात्र त्या सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, आणि त्याचं मूळ फलटण तालुक्यात आहे.

आमचं घर धनगराचं. दिवाळी झाली की आमचा वाडा मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघायचा, घाट उतरायचा, आणि पावसाच्या आधी परत यायचा. शाळेला सुट्टी असली की मीही वाड्यावर असायचे. संध्याकाळी कुणाच्यातरी रानात मेंढरं बसवायची, भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची आणि मग आजा मोजायचा. विसाच्या हिशोबात मोजायचा: एक वीस, दोन विसा, तीन विसा. एका संध्याकाळी मी शहाणपणा करून बसलेली मेंढरं मोजली आणि मोठ्यांदा सांगितलं, एक कमी आहे. आजा उठला, काठी टेकत आला आणि म्हणाला, "बसल्याली मेंढरं मोजू नगंस, पोरी. एकाच्या बुडाखाली दुसरं असतंय. उठीव, वाघरीच्या तोंडातनं एकेक काढ, मग मोज." आम्ही त्या काळोखात सगळा खांडवा उठवला. भरला. एकही कमी नव्हतं. पण आज्याने मला रागावलं नाही. कमी वाटल्यावर गप्प झोपून गेली असतीस तर रागावलो असतो, म्हणाला.

तर सकाळचे सात वाजले होते आणि माझ्यासमोर बसलेला कळप होता. उंदीर उजेडात झोपतात. पेटीतले दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. स्थानकात घड्याळ ग्रिनिच वेळेचं, त्यामुळे फ्लोरिडात सकाळ असते तेव्हा पेटीत भर दिवस असतो आणि आमच्या दुपारी त्यांची रात्र सुरू होते. चारही जणी एकमेकींत अंग खुपसून, जाळीला धरून, एका कोपऱ्यात गोळा होऊन झोपल्या होत्या. पृथ्वीवर असा ढीग असला तर त्याला वर आणि खाली असतं. खालची कधीतरी गुदमरून वर येते, म्हणून थोड्या वेळात मोजता येतो. वर तो नुसता चेंडू असतो. कुणाला कुणाचा भार नाही, त्यामुळे हलायची घाई नाही.

मी माझ्या वरिष्ठ बाईंना फोन केला. त्यांनी घरूनच चित्रफीत पाहिली. त्याही चारवरच थांबल्या.

पाचवी मेली असेल तर काय होतं, हे इथे सांगायलाच हवं. बंद पेटीत मेलेला प्राणी राहू देता येत नाही. बाकीच्या ते शरीर कुरतडतात, अमोनिया वाढतो, उरलेल्या चौघींना धोका होतो. म्हणजे अंतराळवीराला बोलवावं लागणार. पेटी नुसती उघडता येत नाही. तिला आधी वेगळी बंदिस्त झडप-पेटी जोडायची, तिच्यात हातमोज्यांतून हात घालायचे, नाहीतर उंदीर तरंगत स्थानकभर जाईल. अर्धा-पाऊण दिवस त्यात जाऊ शकतो. आणि झोपलेल्या चौघींना घाबरवून, पेटी हलवून उघडली आणि पाचवी जिवंत निघाली, तर त्या भीतीचा परिणाम त्यांच्या रक्तात, वजनात, सगळ्या मोजमापात उतरणार. उलट वाट पाहिली आणि ती कुठेतरी अडकून, पाण्यापर्यंत पोचता न येऊन तडफडत असेल, तर? एवढ्याशा जिवाला एक दिवस पाणी न मिळणं फार असतं.

बाई म्हणाल्या, "आज ड्यूटीवर तू आहेस. तू सांगशील ते मी पुढे कळवते. पण हंट्सविलला कळवायचं असेल तर अकराच्या आत." अलाबामातल्या हंट्सविलमधून स्थानकावरच्या प्रयोगांचं वेळापत्रक चालतं.

मी उठून खालच्या उंदरांकडे गेले.

या उंदरांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. प्रत्येक अशा मोहिमेत जितके उंदीर वर जातात तितकेच खाली राहतात. त्याच वंशाचे, त्याच वयाचे, तशाच पेटीत, तशाच वड्या खाणारे. त्यांची खोली म्हणजे एक मोठं बंद कपाट. स्थानकातलं तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड यांचे आकडे वरून येतात आणि काही दिवसांच्या अंतराने तेच हवामान या कपाटात तयार केलं जातं. स्थानकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड आपल्या हवेच्या जवळजवळ दहापट असू शकतो. तो या उंदरांनाही श्वासात घ्यावा लागतो. वर चार दिवसांपूर्वी उकाडा झाला असेल तर इथे आज होतो. हे सगळं एवढ्यासाठी, की शेवटी दोघांची हाडं शेजारी ठेवल्यावर फरक दिसला तर तो गुरुत्वाकर्षणाचाच आहे असं म्हणता यावं. खालचे उंदीर नीट सांभाळले नाहीत तर वरच्यांचं जाणं फुकट जातं. मला ते नेहमी जास्त जवळचे वाटायचे, कदाचित हात लावता यायचा म्हणून.

त्याच क्रमांकाच्या बाजूत मी डोकावले. तिथेही दिवस होता. तिथेही चार दिसल्या. दोन मिनिटांत ढीग हलला आणि पाचवीचं नाक बाहेर आलं. मी तिथे बसूनच राहिले. त्या पाचही जणी एका कोपऱ्यात झोपल्या होत्या, कारण त्यांच्यासाठी पेटीला एकच तळ आहे. वरच्यांना सहाही भिंती सारख्या. त्यांच्यातली एखादी कॅमेऱ्याच्याच भिंतीला, काचेच्या शेजारी बिलगून झोपली तर? खाली हे सुचलंच नसतं, कारण खाली भिंतीला चिकटून कुणी झोपत नाही.

परत येऊन तीच चित्रफीत चौथ्यांदा पाहिली, या वेळी उंदरांकडे न बघता कडेकडे. चित्राच्या एका कडेला काळपट पट्टी होती. सकाळी मी ती मळ म्हणून सोडून दिली होती. आता वाटलं, ती अगदी बारीक थरथरते आहे. झोपलेल्या उंदराचा श्वास मिनिटाला शंभरावर असतो. असला तर असाच दिसेल. पण मळलेल्या काचेमागे, वाऱ्याच्या झोतात, बारीक थरथर कशाचीही असू शकते. ज्याला जे बघायचं असतं ते त्याला दिसतं, हे मी जनावरं तपासताना पुष्कळदा अनुभवलंय. त्या पट्टीवर मी पैज लावू शकत नव्हते.

पावणेअकराला मी बाईंना सांगितलं, "अंधार होईपर्यंत थांबू या. उजेडात नाही मोजता येणार. उठतील तेव्हा मोजते." त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, खात्री नाही. पण झोपलेला कळप मोजून मी कुणाला बोलावणार नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, दुपारची पहिली चित्रफीत आली की मला आधी फोन कर.

मधले दोन तास फार वाईट गेले. अशा वेळी डोकं नको तिकडे जातं. माझं आकड्यांकडे गेलं.

३ नोव्हेंबर १९५७ ला लायका ही कुत्री अवकाशात गेली. एक गेली, शून्य परत आले. तिला परत आणायची सोयच त्या यानात नव्हती. ती अनेक दिवस जगली असं जगाला सांगितलं गेलं होतं, आणि उष्णतेने काही तासांतच मेली हे २००२ मध्ये कळलं. ज्यांनी त्या कुत्र्यांना तयार केलं त्यांच्यापैकी ओलेग गाझेन्को यांनी म्हातारपणी उघड खंत व्यक्त केली, की त्या कुत्रीच्या मरणाचं समर्थन होईल एवढं आपण त्यातून शिकलो नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने हे बोलून दाखवलं, याचं मला अजून मोल वाटतं. ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का गेल्या. दोन गेल्या, दोन परत आल्या, स्ट्रेल्काला पुढे पिल्लंही झाली. २०१३ च्या एप्रिलमध्ये रशियाच्या बियॉन-एम १ उपग्रहातून ४५ उंदीर गेले. महिन्याने जमिनीवर उतरले तेव्हा १६ जिवंत होते. त्याच यानातल्या आठ जर्बिलांपैकी, म्हणजे उंदरासारख्याच छोट्या प्राण्यांपैकी, एकही वाचला नाही. यंत्रणा बिघडल्या होत्या, आणि त्या यानात माणूस नव्हता. बिघाड दिसला तरी हात घालणारं कुणी नव्हतं.

आणि कोलंबिया. २००३ चा फेब्रुवारी. मी तेव्हा शाळेत होते आणि वर्गात कल्पना चावलांचा फोटो लावला होता. त्या यानात सात माणसांबरोबर १३ उंदीर होते, कोळी होते, मासे होते, हे मला या नोकरीत आल्यावर कळलं. त्यांच्यापैकी कुणी वाचलं नाही. पण टेक्सासमध्ये सापडलेल्या अवशेषांतल्या डब्यांत काही आठवड्यांनी मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी जिवंत मिळाले. ते कुणीतरी उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले म्हणून कळलं. मला त्या पाहणाऱ्या माणसाबद्दल फार आदर आहे.

जाऊ द्या. मी हे का सांगतेय, तर हा सगळा उद्योग कशासाठी, असं लोक मला गावी गेले की विचारतात. त्यांना मी चुलतीच्या मोडलेल्या खुब्याचं उदाहरण देते. वर राहणाऱ्या माणसाच्या खुब्याच्या हाडातून महिन्याला १ ते १.५ टक्के हाड कमी होतं. साठी-सत्तरीतल्या बाईचं जे वर्षभरात जातं तेवढं वर महिन्यात जाऊ शकतं. स्नायू वितळतात. डिसेंबर २०१९ मध्ये ४० माद्या वर पाठवल्या गेल्या होत्या, डॉ. से-जिन ली यांच्या प्रयोगासाठी. मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ रोखून धरतं. ज्यांच्यात ते जन्मतःच नव्हतं त्या उंदरांचे स्नायू महिनाभर वर राहूनही टिकले. काही साध्या उंदरांना वरच त्या वाटेला अडवणारं औषध टोचलं, तर त्यांचे स्नायू आणि हाडं दोन्ही सावरली. औषध न मिळालेल्यांनी मात्र दोन्ही गमावलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायांची काडी का होते, ती थांबवता येईल का, हा प्रश्न फलटणमध्येही आहेच. उत्तर मिळालेलं नाही अजून, पण वाट ही आहे.

हे पटतं मला, म्हणून मी हे काम करते. पण त्या कामाच्या शेवटी उंदीर मरतात. काही मोहिमांत वरच, काहींत परत आणल्यावर. भूल देऊन, वेदना होऊ न देता, पण मरतात. हाडं आणि स्नायू तपासायचे तर दुसरा मार्ग नाही. त्यामुळे त्या मधल्या महिन्यात त्यांचं जे काही आहे, पाणी, झोप, एकमेकींची ऊब, त्यात कुणी त्यांना विसरलं असं होता कामा नये. माझ्या हातात तेवढंच आहे.

एक वाजून गेल्यावर पेटीतले दिवे बंद झाले. सव्वाला अवरक्त प्रकाशातली चित्रफीत उतरली. उंदरांना तो प्रकाश दिसत नाही, आपल्याला कॅमेऱ्यातून करडं चित्र दिसतं.

त्या जाग्या झाल्या होत्या. दोघी वडीपाशी, एक पाण्यापाशी, एक जाळीवर उलटी टांगून अंग चाटत. काही मिनिटांनी एक जण निघाली. भिंतीवरून छताकडे, छतावरून पलीकडच्या भिंतीवर, तिथून तळाला. मग दुसरी तिच्या मागे. वर गेलेले तरुण उंदीर आठवड्या-दीड आठवड्यात हे करू लागतात. पेटीच्या आतून गोल गोल पळतात, आधी एकेकटे, मग सगळे मिळून, रिंगणातल्या घोड्यासारखे. नासाच्या एम्स केंद्रातल्या एप्रिल रोन्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. का पळतात, यावर त्यांनी तीन शक्यता मांडल्या: व्यायामाची मजा, कोंडल्याचा ताण, किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला काहीतरी जाणवावं म्हणून. मला पहिल्यांदा ते पाहून अंगावर काटा आला होता. त्या दिवशी मात्र मी देवाचे आभार मानले, कारण पळताना प्रत्येकीला कॅमेऱ्यासमोरून जावंच लागतं.

वाघरीचं तोंड मिळालं होतं.

अडचण एकच: गोल फिरणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या उंदरांत सुरुवात कुठे धरायची? त्यांच्यातल्या एकीच्या उजव्या बाजूच्या मिशा सोबतिणींनी कुरतडून टाकल्या होत्या. एकत्र राहणाऱ्या उंदरांत हे होतं. रोजच्या नोंदींत आम्ही तिचं नाव अर्धमिशी ठेवलं होतं. तिला खूण धरायचं ठरवलं. ती काचेसमोरून गेली की एक, आणि ती परत येईपर्यंत जितक्या जातील तितक्या.

एक, दोन, तीन, चार. अर्धमिशी.

पुन्हा. एक, दोन, तीन, चार. अर्धमिशी.

चित्र हळू करून पुन्हा पाहिलं. चारच. फोनकडे हात गेला. बाईंना सांगायचं वाक्य मी मनात जुळवत होते. रिंगण चालूच होतं, तिसरी फेरी, चौथी. आणि त्या पट्टीच्या जागेवरून, काचेच्या अगदी लगतून, एक पाठ उठली. सबंध चित्र क्षणभर काळं झालं. मग ती पाठ दूर गेली, तिचा उंदीर झाला, त्याने जाळी धरली, अंग ताणलं, आणि पुढची जवळ आली तशी तिच्यामागे निघाली.

एक, दोन, तीन, चार, पाच. अर्धमिशी.

आणखी दोन फेऱ्या मोजल्या. पाच. पाच. पाचवी रिंगणातून बाजूला झाली, नळीपाशी गेली आणि बराच वेळ पाणी प्यायली. तिचे डोळे पूर्ण उघडे होते, पाठीला बाक नव्हता, केस बसलेले होते, चारही पाय सारखे चालत होते. चित्रातून जेवढं तपासता येतं तेवढं सगळं मी तपासलं आणि मग बाईंना फोन केला. मला नीट बोलता येईना. त्यांना वाटलं, वाईटच झालं. "पाच," मी म्हटलं, "पाच आहेत." पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

नोंदवहीत लिहिलं: सकाळी चार दिसल्या, दुपारी पाच मोजल्या, पाचवी कॅमेऱ्यालगतच्या भिंतीवर झोपते, पुढे सकाळच्या चित्रफितीत ती कड पाहावी. त्यानंतर आम्ही रोजची मोजणी दुपारवर नेली. सकाळी फक्त श्वास आणि ठेवण बघायची, मोजायचं अंधार झाल्यावर.

त्या रात्री आमच्या चुलत्यांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, ते वाड्यावर होते, मागे मेंढरांचा आवाज. आजा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. उंदीर, पेटी, रिंगण. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी प्यालं का त्ये?" मी म्हटलं, प्यालं. "मग झालं," म्हणाले.

यान काही आठवड्यांनी प्रशांत महासागरात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर उतरलं. मी तिथे नव्हते. पेट्या उघडल्यावर तिथल्या पशुवैद्य मैत्रिणीने मध्यरात्री फोन केला आणि एकेकीच्या शेपटीवरचा क्रमांक वाचत गेली. सगळ्या जिवंत होत्या, पण पाय फाकवून, पोट जमिनीला टेकवून बसल्या होत्या. अंगाला वजन असतं हे त्या विसरल्या होत्या. मी खालच्या उंदरांची यादी हातात धरून एकेका क्रमांकासमोर खूण करत होते. शेवटी तिला अर्धमिशीबद्दल विचारलं. ती पेटीकडे गेली, थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, इथे अर्ध्या मिशांची कुणीच नाही, सगळ्यांच्या मिशा पूर्ण आहेत.